सही अठराव्या वर्षी, मग लग्न सोळाव्या का?

प्रश्न : आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. मुलगी दहावी चांगल्या गुणांनी पास झाली, नुकतीच सोळा पूर्ण झाली. तिला नर्स व्हायचंय. शेजारच्या महाराष्ट्रातल्या दोडामार्गहून स्थळ आलंय. सासूबाई आजारी आहेत, त्यांना नातीचं लग्न बघायचंय. मिस्टर म्हणतात, तुळशीचं लग्न झालं की तिकडच्या देवळात लग्न लावू आणि सही, म्हणजे लग्नाची सरकारी नोंदणी, ती अठराची झाल्यावर इथे करू. मुलाकडचे पुढे शिकवायला तयार आहेत. काय करावं?
– एक आई

उत्तर : ताई, सही पुढे ढकलायची म्हणता, म्हणजे वय कमी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा, आणि तो दोडामार्गातही लागू आहे. लग्न लावून देणारे वडील, लावणारे भटजी आणि नवरा सज्ञान असेल तर तोही, या सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय अठराखालच्या पत्नीशी नवऱ्याने ठेवलेला संबंध हा बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय. उद्या तिला दिवस गेले आणि गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेलं, तर वय बघून डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. चांगलं स्थळ म्हणता, त्या मुलाला तरी यात कशाला ढकलायचं?

आता ‘शिकवू’ या शब्दाबद्दल. तो मी अनेक पालकांकडून ऐकलाय आणि माझा त्यावर फारसा विश्वास नाही. अकरावीला प्रवेश कुठे घेणार, बोर्ड बदलणार का, सकाळी कोणती बस, फी कोण भरणार, एवढंच त्यांना विचारून बघा. शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंतच. सोळाची सून घरी बसली तर ती वर्गात का नाही, हे विचारायला कोणी येत नाही.

नर्सिंगचं गणित सरळ आहे. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्यासाठी बारावी सायन्स, जीवशास्त्रासह, आणि वय किमान सतरा. म्हणजे अकरावी-बारावीची ही दोनच वर्षं हवीत, आणि नेमकी तीच लग्नात जाणार. सायन्स झेपणार नाही असं वाटलं तर जी.एन.एम. हा नर्सिंगचाच डिप्लोमा आहे, तीन वर्षांचा. त्याला इतर शाखांची बारावीही चालते. लवकर कमावणं गरजेचं असेल तर सत्तरीतल्याच होंडा गावच्या आयटीआयत चौकशी करा, पण तिचा ओढा नर्सिंगकडे असताना मी तो पहिला पर्याय म्हणणार नाही.

मिस्टरांशी भांडू नका. मुलाकडच्यांना सांगा, बारावी होऊन ती अठरा पूर्ण करेपर्यंत थांबा. न थांबणाऱ्यांचं स्थळ गेलं तर गेलं. सासूबाईंना मात्र नातीनेच सांगू द्या, आजीला तिचं ऐकायला आवडेल. तरीही तारीख ठरलीच, तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. नाव गुप्त ठेवतात. मॅजिस्ट्रेट मनाई हुकूम काढू शकतात आणि तो मोडून लावलेलं लग्न कायद्याने लग्नच ठरत नाही.

हायर सेकंडरीचा फॉर्म भरताना तुम्ही स्वतः सोबत जा. जीवशास्त्र घेतलंय ना, तेवढं नीट बघा. काही मुली ‘कम्प्युटर सोपं’ म्हणून तो विषय सोडतात आणि बारावीनंतर नर्सिंगचा फॉर्म भरताना रडतात.