सैन्य काढायचं की ठेवायचं? इराकच्या निमित्ताने

प्रश्न असा आहे: २००६ च्या अखेरीस इराक शिया-सुन्नी यादवीत होरपळत होता, तेव्हाच २००३ पासून तिथे बसलेलं आपलं सैन्य अमेरिकेने काढून घ्यायला हवं होतं का? आणि तेव्हा नाही, तर मग २०११ मध्ये काढलं हीच चूक होती का?

माझं मत आधीच सांगतो. सैन्य काढायलाच हवं होतं, तेही तारीख जाहीर करून. परक्या फौजेने दुसऱ्याच्या देशात बेमुदत बसणं मला कुठल्याच कारणाने पटत नाही. पण निघताना पोलीस ठाणी, तुरुंग आणि दारूगोळा कुणाच्या हाती सोडून जाणार, हा प्रश्न तारखेपेक्षा मोठा होता. २००६ मध्येही आणि २०११ मध्येही त्याचं उत्तर कुणी धड दिलं नाही. पुढचा रक्तपात त्यातूनच झाला.

इराकमध्ये एकाच वेळी दोन वेगळ्या लढाया चालू होत्या आणि चर्चेत त्यांची नेहमी सरमिसळ होते. पहिली लढाई परक्या फौजेविरुद्धची. तिचं मूळ मे २००३ मध्ये. अमेरिकेने नेमलेले इराकचे प्रशासक पॉल ब्रेमर यांनी पहिल्या आदेशाने सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीतल्या लोकांना सरकारी नोकऱ्यांतून काढलं आणि दुसऱ्या आदेशाने सगळं इराकी सैन्यच बरखास्त केलं. काही लाख माणसं एका फटक्यात घरी बसली. त्यांना शस्त्र चालवता येत होतं, दारूगोळ्याची कोठारं कुठे आहेत हेही माहीत होतं. ही लढाई परकी फौज समोर आहे म्हणूनच पेटती राहिली. फौज हटली की ती विझते. अमेरिकेच्या साथीला आलेल्या ब्रिटिशांनी सप्टेंबर २००७ मध्ये दक्षिणेतलं बसरा शहर सोडून विमानतळावर तळ हलवला, तेव्हा त्यांच्यावरचे हल्ले लगेच कमी झाले.

दुसरी लढाई इराक्यांची आपापसातली. २२ फेब्रुवारी २००६ ला समारा शहरातल्या, शियांना पवित्र असलेल्या अस्करी मशिदीचा सोनेरी घुमट स्फोटाने उडवला आणि ती उघडपणे सुरू झाली. ही लढाई परकी फौज गेल्याने थांबत नाही. तेच बसरा पाहा. ब्रिटिश गेल्यावर शहर शिया टोळ्यांच्या ताब्यात गेलं, बुरखा नीट नाही म्हणून बायकांचे खून पडले आणि मार्च २००८ मध्ये शिया पंतप्रधान नूरी अल मलिकी यांच्या सरकारला स्वतःचंच शहर परत मिळवायला सैन्य पाठवावं लागलं.

बगदादमध्ये २००६ साली रोजचं जगणं कसं होतं, हे डोळ्यांसमोर आणल्याशिवाय या प्रश्नावर बोलू नये असं मला वाटतं. अधमिया सुन्नींचं, काधिमिया शियांचं. मध्ये फक्त तैग्रिस नदी आणि एक पूल. रस्त्यात नाकाबंदी दिसली की ती पोलिसांची आहे की टोळीची, हे कळायला मार्ग नाही, कारण गणवेश तोच आणि गाडीही तीच. ओळखपत्रावर नाव उमर असेल तर शिया टोळीच्या नाक्यावर जीव जायचा, अली असेल तर सुन्नी टोळीच्या. लोक खिशात दोन-दोन ओळखपत्रं बाळगू लागले. आरोग्य खातं शिया धर्मगुरू मुक्तदा अल सद्र यांच्या गटाकडे असल्यामुळे जखमी नातेवाइकाला सरकारी रुग्णालयात न्यायलाही सुन्नी घाबरत. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार त्या एका वर्षात ३४ हजारांहून अधिक नागरिक मारले गेले.

आणि हे करणारे सगळे सरकारबाहेरचे नव्हते. नोव्हेंबर २००५ मध्ये बगदादच्या जादिरिया भागात गृह खात्याच्या एका तळघरात सुमारे १७० कैदी सापडले, बहुतेक सुन्नी, अनेकांच्या अंगावर छळाच्या खुणा. ऑक्टोबर २००६ मध्ये तर राष्ट्रीय पोलिसांची एक अख्खी ब्रिगेड कामावरून हटवावी लागली, कारण ती मृत्युपथकांना मोकळं रान देत होती. ‘इराकी पोलीस तयार झाले की आम्ही जाऊ’ असं तेव्हा रोज सांगितलं जात होतं. पण तयार केले जात होते ते हेच पोलीस. म्हणून २००६ च्या डिसेंबरात एका झटक्यात निघून जाणं मला योग्य वाटत नाही. शस्त्रं, गाड्या, गणवेश सगळं एका पक्षाच्या हाती देऊन दुसऱ्याला वाऱ्यावर सोडणं, असा त्याचा अर्थ झाला असता.

आपल्याला हे कळायला फार लांब जायची गरज नाही. ब्रिटिशांनी जून १९४८ ची मुदत ऑगस्ट १९४७ वर आणली. पंजाबात सीमा दल उभारलं ते सुमारे महिनाभर टिकलं, आणि नेमक्या गरजेच्या वेळी बरखास्त झालं. ब्रिटिशांनी जायलाच हवं होतं. पण ज्या घाईने आणि ज्या बेफिकिरीने ते गेले, त्याची किंमत पंजाबने मोजली.

आता दुसरी बाजू. इराक धोरणाचा आढावा घ्यायला अमेरिकेत नेमलेल्या बेकर-हॅमिल्टन गटाने डिसेंबर २००६ मध्ये टप्प्याटप्प्याने माघार आणि इराण-सीरियासह सगळ्या शेजाऱ्यांशी बोलणी सुचवली होती. बुश यांनी उलट जानेवारी २००७ मध्ये जादा कुमक पाठवली, जवळपास ३० हजार सैनिक. पुढे हिंसा घटली हे खरं. पण सगळं श्रेय कुमकीला देणं चूक आहे. पश्चिमेकडच्या सुन्नीबहुल अनबार प्रांतातल्या जमातींच्या प्रमुखांनी अब्दुल सत्तार अबू रिशा यांच्या पुढाकाराने सप्टेंबर २००६ मध्येच अल कायदाविरुद्ध एकी केली होती, कुमक यायच्या आधी. ऑगस्ट २००७ मध्ये मुक्तदा अल सद्र यांनी शस्त्रसंधी केली. आणि बगदादच्या कित्येक मिश्र वस्त्यांत मारायला किंवा हाकलायला दुसऱ्या पंथाचं कुणी उरलंच नव्हतं. उंच काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या त्या फाटाफूट पूर्ण झालेल्या शहरात.

या शांततेचा खरा कणा होता तो ‘सन्स ऑफ इराक’. सुमारे एक लाख माणसं, बहुतेक सुन्नी, त्यातले बरेच कालपर्यंत अमेरिकनांवर गोळ्या झाडणारे. महिन्याला साधारण ३०० डॉलर घेऊन ते आपापल्या मोहल्ल्यांचा पहारा करू लागले. त्यांना शब्द दिला होता की २० टक्के लोकांना सैन्य-पोलिसांत घेऊ आणि उरलेल्यांना इतर कामं देऊ. २००८ च्या ऑक्टोबरपासून त्यांचा पगार इराकी सरकारकडे गेला. पुढे तो रखडू लागला, नेमणुका लटकल्या, काहींना अटक झाली. माझ्या मते इराकचं २०१४, म्हणजे ‘इस्लामिक स्टेट’ या सुन्नी अतिरेकी संघटनेने मोसुल घेतलं ते वर्ष, इथे लिहिलं गेलं. अमेरिकन सैन्य तेव्हा देशातच होतं, एक लाखाहून जास्त, तरी हा शब्द पाळून घेतला गेला नाही. सैन्य असलं की सगळं ठीक होतं, या म्हणण्यात म्हणूनच दम नाही.

मार्च २०१० च्या निवडणुकीत अयाद अल्लावींच्या आघाडीला ९१ जागा मिळाल्या, मलिकींना ८९. अल्लावी स्वतः शिया, पण सुन्नींनी त्यांना भरभरून मतं दिली होती. मतपेटीतून काही मिळतं, हा विश्वास बसायची ती वेळ होती. अनेक महिन्यांच्या घोळानंतर पंतप्रधान झाले मलिकीच, अमेरिकेच्या आणि इराणच्याही संमतीने, आणि संरक्षण व गृह ही दोन्ही खाती त्यांनी स्वतःच्या मुठीत ठेवली.

२०११ ची तारीख ओबामांनी ठरवली नव्हती. ३१ डिसेंबर २०११ ही मुदत बुश सरकारने नोव्हेंबर २००८ मध्ये मलिकींशी केलेल्या करारातच होती. काही हजार सैनिक ठेवायची बोलणी कायदेशीर संरक्षणाच्या, म्हणजे त्या सैनिकांवर इराकी न्यायालयात खटला चालू नये या मुद्द्यावर फिसकटली. कुठल्याही सार्वभौम देशाच्या संसदेला ती अट जड गेली असती. १८ डिसेंबरला शेवटची तुकडी कुवेतमध्ये शिरली आणि १९ तारखेला सुन्नी उपराष्ट्रपती तारिक अल हाशिमी यांच्या अटकेचं वॉरंट निघालं. एप्रिल २०१३ मध्ये उत्तरेतल्या हविजा गावातल्या सुन्नी निदर्शकांच्या तळावर सैन्याने गोळीबार केला. जून २०१४ मध्ये उत्तरेतलं मोठं शहर मोसुल इस्लामिक स्टेटच्या हाती पडलं. त्याच वर्षी नवे पंतप्रधान अबादी यांनी पगारपट तपासले तर ५० हजार सैनिक फक्त कागदावर निघाले. दहा हजार अमेरिकन राहिले असते तर मोसुल कदाचित इतक्या सहज पडलं नसतं, हे मी मान्य करतो. पण हाशिमींना पळावं लागलं नसतं किंवा हविजात गोळ्या चालल्या नसत्या, असं मानायला काही आधार दिसत नाही.

तेव्हा माझ्या हाती असतं तर मी २००७ च्या सुरुवातीलाच दोनेक वर्षांची मुदत जाहीर केली असती आणि शस्त्रांचा, पैशांचा प्रत्येक हप्ता अटींना बांधला असता: गृह खातं टोळ्यांतून सोडवणं, ‘सन्स ऑफ इराक’च्या पहारेकऱ्यांच्या नेमणुका, निवडणुकीचा निकाल पाळणं. अट मोडली तर सैन्य जास्त काळ राहणार नाही, पण मदत त्या दिवशी थांबेल. त्याचबरोबर इराणशी उघड बोलणी. ती टाळल्याने इराणचा प्रभाव काही कमी झाला नाही.

आणि माघारीच्या कुठल्याही आराखड्यात सैन्यासाठी काम केलेल्या स्थानिक दुभाष्यांचं पान पहिलं असायला हवं. हे लोक ओळख पटू नये म्हणून तोंड झाकून काम करत, घरी सांगत की दुसरीकडे नोकरी आहे. अमेरिकेच्या २००८ च्या कायद्याने त्यांच्यासाठी वर्षाला ५,००० व्हिसा ठेवले, पण तपासण्यांत अर्जदारांची वर्षं गेली आणि वाट पाहताना काही मारले गेले. अफगाणिस्तानातून अमेरिका निघाली तेव्हा काबूलमध्ये २०२१ च्या ऑगस्टात पुन्हा तेच झालं. सैन्य हलायच्या निदान वर्षभर आधी या लोकांचे कागद हातात पडले पाहिजेत, कुटुंबासकट.