एक मूल सिकलचं झालं, मग पुढची तीन चांगली होणार का?

सिकलसेल म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, त्याच्या ओपीडीत हा प्रश्न मला कायम येतो, आणि विचारणारे काही अडाणी नसतात बरं का. परवा गडचिरोलीकडचं एक जोडपं आलं, मोठा मुलगा एसएस पॅटर्न, म्हणजे आजार असलेला, अधूनमधून हातपाय दुखून ॲडमिट, आता बायको परत दोन महिन्यांची गरोदर, सोबत सासूबाई. नवरा म्हणतो, "मॅडम, डॉक्टरनं चारात एक म्हटलं होतं, तो एक तं होऊन गेला, आता तीन चांगलेच होतीन नं?" सासूबाई मध्येच, "आमच्या घरी नव्हतंच हे, हिच्या माहेरून आलं."

आधी सासूबाईंचं घेतलं. दोघांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, दोन्हीवर एएस, म्हणजे एक जीन चांगला, एक बिघडलेला, दोघंही वाहक. एसएस व्हायला आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन बिघडलेले जीन लागतात, एकट्या माहेरचं काम नाही ते. आणि बिघाड तरी केवढासा, हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये डीएनएचं एकच अक्षर बदललंय, ए चा टी झालाय, बस. पण तेवढ्याने हिमोग्लोबिनच्या साखळीत ग्लुटामिक ॲसिड या अमिनो ॲसिडच्या जागी व्हॅलिन हे दुसरं येतं, ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात, रक्तातली लाल पेशी विळ्याच्या आकाराची आणि कडक होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, पोरगं रात्रभर रडतं ते त्याने. शिवाय १२० दिवस टिकणारी पेशी १०-२० दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कमी. वाहकाला मात्र सहसा काहीच होत नाही, उलट मलेरियापासून थोडा बचावच होतो, म्हणून तर मलेरियाच्या पट्ट्यात हा बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

मग नवऱ्याचा हिशोब. सासूबाईंना विचारलं, तुम्हाला मुलं किती? तीन मुली आणि मग हा. म्हटलं, पहिली मुलगी झाल्यावर दुसरा मुलगाच होणार असं कोणी लिहून दिलं होतं का? तसंच हे, दर खेपेला नव्याने २५ टक्के एसएस, ५० टक्के वाहक, २५ टक्के एकदम मोकळं. पहिल्याचं काय झालं याच्याशी दुसऱ्याचा काही संबंध नाही.

इतका वेळ गप्प बसलेली ती म्हणाली, "पोटातल्याचं आत्ता कळन का?" कळतं, ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक नमुना घेऊन तपासतात, गर्भपाताची थोडी रिस्क असते, तेही सांगितलं. करायचं की नाही हे ठरवणार तुम्ही दोघं, हे मी जरा सासूबाईंकडे बघूनच बोलले. निघताना कळलं धाकट्या दिराचं लग्न ठरतंय आणि त्याची टेस्टच झालेली नाही. म्हटलं, पत्रिका नंतर, आधी त्याला सिकलच्या टेस्टसाठी रक्त द्यायला पाठवा, मुलीकडच्यांनाही सांगा.