डोळ्यांनी पाहिलं तेवढंच शपथपत्रात

प्रश्न : नमस्कार ताई, मी मखमलाबादला राहते. शेजाऱ्यांची त्यांच्या भावाशी सामाईक रस्त्यावरून नाशिक कोर्टात दिवाणी केस चालू आहे, त्यात मला साक्षीदार केलंय. वकिलांनी शपथपत्र टाईप करून पाठवलंय, त्यात लिहिलंय की 'प्रतिवादीने जाणूनबुजून पत्रे लावून रस्ता अडवला व वादीस जीवे मारण्याची धमकी दिली'. मी तर गच्चीवरून भांडण ऐकलं आणि पत्रे दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले. शेजारी म्हणतात, काकू करून टाका सही, काही होत नाही. करू का?

उत्तर : नाही, आत्ता सही करू नका, आधी दुरुस्त करून घ्या. दिवाणी दाव्यात 2002 पासून साक्षीदाराची सरतपासणी (म्हणजे ज्यांनी साक्षीला बोलावलं त्यांच्या बाजूने आधी होणारी साक्ष) शपथपत्रावरच होते, म्हणजे तो कागद हीच तुमची साक्ष, आणि मग समोरचे वकील पिंजऱ्यात तुम्हाला त्यातलं एकेक वाक्य विचारणार. पत्रे लावताना पाहिलं का? नाही. मग लिहिलं कसं? तिथे एक वाक्य पडलं की तुम्ही जे खरंच ऐकलंय त्यावरचाही विश्वास जातो, आणि त्यात शेजाऱ्यांचंच नुकसान आहे हे त्यांना नीट समजावून सांगा.

'जाणूनबुजून' तर काढाच. समोरच्याच्या मनात काय होतं ते तुम्हाला कसं कळणार, ते कोर्ट ठरवेल. त्याऐवजी असं लिहा, 'मी संध्याकाळी गच्चीवर कपडे काढत होते, खालून भांडणाचा आवाज आला, प्रतिवादीचा आवाज मी ओळखते, तो अमुक म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर पत्रे लावलेले दिसले, कोणी लावले ते पाहिलं नाही.' 'अमुक'च्या जागी त्याचे शब्द जसेच्या तसे घाला, शिवी असली तरी, आणि शब्द आठवत नसतील तर तसंच लिहा. तारीख आठवत नसेल तर 'गणपतीच्या आधीच्या आठवड्यात' चालतं, अंदाजाने तारीख टाकू नका. शेजारीणबाईंनी नंतर सांगितलेलं तुमच्या नावावर नको, ते त्यांनी स्वतः येऊन सांगावं.

आणि 'काही होत नाही' हे खरं नाही हो, कोर्टात मुद्दाम खोटी साक्ष दिली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. वकिलांना सरळ फोन करा, मी पाहिलंय तेवढंच लिहा म्हणावं, चांगला वकील रागावत नाही, उलट त्याला असाच साक्षीदार हवा असतो. सही केल्यावर एक प्रत मागून घ्या आणि तारखेच्या आदल्या दिवशी शांतपणे वाचा, पाठ मात्र करू नका.

उद्या पोलिसांकडे जबाब द्यायची वेळ आली तर तिथलं वेगळं आहे, तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते, पण वाचून दाखवा असं जरूर म्हणा.