निवृत्तीनंतर हवापाणी बघून राहायला कुठे जावं : कोकण, महाबळेश्वर की नागपूर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पुढच्या मार्चमध्ये निवृत्ती, मुंबईचा घाम आता नको, आईच्या गुडघ्यांना गारठा सोसत नाही, बायकोला कोकण हवंय, तुम्हाला महाबळेश्वर, आणि मेहुणे म्हणतात नागपूरला या. बदल्यांच्या नोकरीत मी या तिन्ही हवा अंगावर काढल्यात. नागपूरचे सहा उन्हाळे, रत्नागिरीचे चार पावसाळे आणि महाबळेश्वरची पावणेदोन वर्षं. म्हणून लिहितो.

आधी मला सांगा, ही गावं तुम्ही कुठल्या महिन्यात पाहिलीत? महाबळेश्वर मेमध्ये नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत, कोकण आंब्याच्या दिवसांत, नागपूर डिसेंबरातल्या लग्नाला. बरोबर? जागेचे दलालसुद्धा थंडीतच फोन करतात. ‘साहेब, प्लॉट बघायला या’ असं जुलैत कुणी म्हटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

नागपूरपासून सुरुवात करतो, कारण त्याची बदनामी जरा जास्तच झालीय. मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो हे खरंच. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पण हवा कोरडी, त्यामुळे घाम वाळतो आणि कूलर चालतो. मार्च संपता संपता कूलरला नव्या ताट्या लावायच्या आणि पहिलं पाणी सोडलं की घरभर वाळ्याचा वास! तो वास मला अजून आठवतो. थंडीत मात्र पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा आईंच्या गुडघ्यांचा विचार तिथेही करावा लागेल.

तोच कूलर आम्ही ट्रकमधून रत्नागिरीला नेला. पहिल्याच रात्री पंखा फिरला, पाणी पडलं, आणि गारव्याऐवजी चादरी ओल्या झाल्या. हवेतच इतकं पाणी असताना कूलरमधलं पाणी उडणार कुठे? पुढे चार वर्षं त्यात आम्ही कांदे ठेवले. रत्नागिरीचा पारा पस्तिशीच्या वर क्वचितच जातो, म्हणून आकडे बघून माणूस भुलतो. अंगाला आकडे कळत नाहीत, चिकचिक कळते.

आणि पाऊस. चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या वर. घरमालकीण काकू मेमध्येच विचारायच्या, ‘आगोट भरलीत ना?’ आगोट म्हणजे पावसाळ्याआधी करायची बेगमी. मला वाटलं डाळ-तांदूळ भरले की झालं. आषाढात कपाट उघडलं तर लग्नातल्या कोटावर हिरवट लव, कातडी पट्ट्यावर पांढरी. मग कपाटात साठचा बल्ब चोवीस तास जळायला लागला आणि काडेपेटी तांदळाच्या डब्यात गेली. शिवाय वादळं : ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या बऱ्याच गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. एवढं असूनही वहिनींना कोकणच हवं असेल तर कौलारू, पडवीचं घर बघा. स्लॅबचा बंगला तिथे दिवसभर तापतो आणि रात्रभर उकडवतो.

महाबळेश्वरबद्दल मात्र स्पष्टच सांगतो : आईंना घेऊन बारा महिने राहायला जाऊ नका. उंची साडेतेराशे मीटर, वर्षाचा पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे. जूनच्या आत घरांना पावसाच्या बाजूने गवताच्या ताट्या बांधतात. मग दिवसा घरात दिवा. जानेवारीत वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, ते फोटोत छान दिसतं.

तिथे माझे कपडे वाळायचेच नाहीत. शेवटी दर रविवारी ओल्या कपड्यांची पिशवी घेऊन एसटीने वाईला उतरायचो, एका सहकाऱ्याच्या गच्चीवर दोरी बांधलेली होती. पाचगणीला पाऊस बारीक झालेला असायचा आणि पसरणी घाटाच्या मधल्या वळणांवर एकदम काचेतून मांडीवर ऊन. मागे डोंगर काळा, खाली हळदीची शेतं लख्ख. अंतर जेमतेम ३२ किलोमीटर, पण वाईचा वर्षाचा पाऊस सहसा हजारसुद्धा गाठत नाही. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना थंड होऊन तिथेच रिते होतात. पलीकडे उतरणारी हवा तापत जाते, कोरडी होते. भूगोलात ‘पर्जन्यछाया’ पाठ केली होती, कळली ती त्या पिशवीमुळे.

निवृत्तीनंतर आम्ही वाईलाच घर घेतलं. तुम्हीही वाई-सातारा पट्टा बघा असं सुचवेन. उणिवा आहेत. एप्रिल-मे चांगलाच तापतो, पश्चिमेच्या भिंतीला सावली नसेल तर संध्याकाळी त्या खोलीत बसवत नाही (आम्ही शेवग्याचं झाड लावलं, दोन वर्षांत काम झालं). नदीकाठी घर घेऊ नका, धोम धरणातून पाणी सोडलं की कृष्णेचा घाट बुडतो. थंडी पडते, पण अकरा वाजता अंगणात खुर्ची टाकली की गुडघे शेकून निघतात. आणि कूलर इथे पुन्हा चालतो.

मुंबईचं घर लगेच विकू नका. जिथे जायचं ठरेल तिथे एक वर्ष भाड्याने राहा आणि सुरुवात त्या गावाच्या सगळ्यात वाईट महिन्यात करा : नागपूरला मे, कोकणात जुलै. महाबळेश्वरला जुलैत भाड्याने घर मागितलंत तर घरमालक आधी तुमच्याकडे नीट बघून घेईल.