आधी पॉइंट टू-टू

नेमबाजी शिकताना पहिल्याच दिवशी मोठ्या बोअरची, म्हणजे नळीचं भोक मोठं असलेली, रायफल मागू नकोस. तिच्या धक्क्याचा आणि आवाजाचा एकदा धसका बसला की ट्रिगर दाबण्याआधीच डोळे मिटतात. ही खोड मोडायला महिने जातात, माझे गेले. आधी १० मीटरवर ४.५ मिमीची एअर रायफल, मग ५० मीटरवर पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंच बोअरची रायफल. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते याच पॉइंट टू-टूवर, तेव्हा तिला खेळणं समजू नकोस हं! नळी कायम टार्गेटकडे, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. रोज थोडं ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर दाबायचा सराव, कर, अर्थात रायफल रिकामी आहे हे स्वतः तपासून. ट्रिगर सावकाश दाब, 'टक्' झाल्यावरही क्षणभर नेम सोडू नकोस. गोळी कुठे लागली ते बघायची घाई सगळ्यांनाच नडते.