वालचंद हिराचंद आणि पहिला ठेका

प्रश्न : धाकटा भाऊ बांधकामाची कंपनी काढतोय. वालचंद हिराचंदांनी सुरुवात कशी केली? त्यातून आम्ही काय घ्यावे?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : वालचंद सोलापूरचे, जन्म १८८२. घरचा पिढीजात व्यापार सोडून ते रेल्वेच्या ठेक्यांत उतरले, लक्ष्मणराव फाटकांना भागीदार घेऊन. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून. कामाची माहिती त्यांची, भांडवल वालचंदांचे. पुढे बोरघाटातले बोगदे, १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन, १९४० मध्ये आपल्या बंगळुरूत विमानाचा कारखाना. पण तुम्ही बघावी ती पहिली जोडीच. भावाने असा जाणकार भागीदार धरावा आणि करार लेखी करावा, सख्खा नातलग असला तरी.

ठेकेदाराचा पैसा बहुधा मोजमापात बुडतो. पायाची खोली पीसीसीआधी (तळाला घालायचा बिनसळईचा काँक्रीटचा थर) आणि सळई काँक्रीटआधी मोजून इंजिनिअरची सही घ्या. झाकलेले काम नंतर कोणी मोजून देत नाही. सळईचा हिशेब सोपा आहे : व्यासाचा (मिमी) वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो. १२ मिमीला ०.८९, १२ मीटरची एक सळई सुमारे १०.७ किलो. नग मोजून वजनकाट्याच्या पावतीशी ताडा. पाच टक्क्यांहून जास्त तूट आली, तर माल उतरवून घेऊ नका.

बेळगावजवळच्या खानापूरकडचे, म्हणजे भरपूर पावसाच्या भागातले काम असेल तर पाया मे अखेरीस जमिनीवर आणा. पावसात खड्ड्याच्या कडा ढासळतात, तळ चिखल होतो आणि तेवढे पुन्हा उपसावे लागते. काम नीट टिकेल याची हमी म्हणून बिलातून कापलेली अनामत त्या हमीची मुदत संपल्यावरच सुटते, ती चालू खर्चात धरू नये.