१९९८–२००२ च्या शेवरोले कॅमॅरो गाडीच्या ४एल६०-ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला ३००० आरपीएम स्टॉलचा (गाडी जागेवर अडवली तर इंजिन साधारण इतकंच फिरू शकतं) टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) बसवला, तर रेडिएटरमधला कूलर पुरेल का?

नाही, त्यावर भागणार नाही; कन्व्हर्टरसोबतच वेगळा प्लेट-फिन (पातळ पट्ट्यांचा) कूलर बसवून घ्या. ऑटोमॅटिकमधली बहुतेक उष्णता कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळल्यामुळे तयार होते. स्टॉल वाढवला की सिग्नल आणि ट्रॅफिकमध्ये कन्व्हर्टर जास्त वेळ घसरतो, आणि लॉक-अप क्लचने (कन्व्हर्टरमधली घसरण थांबवून इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) पकड घेईपर्यंत तेल तापतच राहतं. ते साधारण ८० ते ९५ अंश सेल्सियसला असावं. सतत १२० च्या वर गेलं तर काळं पडतं, सील कडक होतात आणि या गिअरबॉक्सचा नेहमीचा कच्चा दुवा, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच पॅक (क्लचच्या चकत्यांचा संच), जळतो. इंजिनची ताकद वाढवणार असाल तर आधी तोच मजबूत करा. नुसत्या कूलरने तो वाचत नाही.

जोडणीचा क्रम असा ठेवा:
- गिअरबॉक्समधून गरम तेल आधी रेडिएटरमध्ये
- तिथून नव्या कूलरमध्ये, मग परत गिअरबॉक्सकडे
- तापमानाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या पॅनमध्ये (हा टाळू नकाच)

मात्र कडाक्याची थंडी पडणाऱ्या भागात राहत असाल तर थर्मोस्टॅट असलेला बायपास (तेल थंड असताना ते कूलरला वळसा घालून नेणारी वाट) लावा, नाहीतर तेल गरजेपेक्षा थंड राहून गिअर उशिरा पडतात.